सर्फिंग शिकायला श्रीलंकेला गेले, गुडघा दुखावून परत आले. आता धीर कसा धरू?

समुद्रवेडी_कोथरूड

नमस्कार मंडळी. इथं ट्रेकवाले, पळणारे, पोहणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतेय. थोडं लांबलंय, पण वाचा प्लीज.

मी आयटीत आहे, हिंजवडीला. कितीतरी वर्षं मनात होतं की एकदा सर्फिंग नीट शिकायचं, म्हणजे गोव्याला जाऊन तासभर बोर्डवर बसून फोटो काढायचे असं नाही, खरंच शिकायचं. पैसे साठवले, ऑफिसमधून बिनपगारी मोठी सुट्टी मिळवली, घरच्यांची समजूत काढली आणि श्रीलंकेत वेलिगामाला गेले. तिथं मोठा अर्धगोल उपसागर आहे, तळाला वाळू, लाटा हळू फुटतात, नवशिक्यांची रांगच लागलेली असते. नोव्हेंबर ते एप्रिल त्या बाजूचा सीझन.

सुरुवातीचे दिवस फेसात गडगडण्यातच गेले. नाकात पाणी, बरगड्या बोर्डवर घासून लाल, खांदे इतके भरून यायचे की रात्री केस विंचरताना हात वर जायचा नाही. आणि मग एका सकाळी जमलं. फुटलेल्या फेसावर नाही, न फुटलेल्या हिरव्या लाटेवर. इन्स्ट्रक्टरने ढकललं नव्हतं, मीच पॅडल मारत होते, बोर्डची शेपटी मागून उचलली गेली, छातीखाली बोर्ड एकदम सुटा झाल्यासारखा वाटला, हात टेकवून उठले तर दोन्ही पाय बरोब्बर जिथं पडायला हवेत तिथंच पडले होते. बोर्डखालून पाणी सरसर पळत होतं आणि मी उभी होते. आयुष्यात इतका आनंद मला फार कमी वेळा झालाय.

त्याच आठवड्यात गुडघा गेला. लाट संपत आली म्हणून किनाऱ्याजवळ बोर्डवरून उतरले, पाणी जेमतेम गुडघ्याएवढं, उजवा पाय वाळूत रुतला आणि मागच्या फेसाने मला डावीकडे लोटलं, पाय तिथंच राहिला आणि गुडघा आत वळला. तिथं एक्स-रे काढला, इकडे येऊन एमआरआय केला. एमसीएल (गुडघ्याच्या आतल्या बाजूचं लिगामेंट, हाडांना जोडून धरणारा पट्टा) ग्रेड २, म्हणजे अर्धवट फाटलंय. एसीएल (गुडघ्याच्या आतलं लिगामेंट) आणि मेनिस्कस (हाडांमधली कूर्चेची गादी) शाबूत आहेत. ऑपरेशन नको म्हणालेत, ब्रेस आणि फिजिओ चालू आहे. गुडघा आता ९० अंशांपर्यंत वाकतो. रिक्षात अजून पाय आडवा टाकून बसावं लागतं आणि कर्वे रोडचा प्रत्येक स्पीडब्रेकर कळतो.

दुखणं सहन होतंय, खरं सांगायचं तर त्याचं काही नाही. पण आत्ता कुठे जमायला लागलं होतं आणि तेवढ्यात हातातून गेलं, हे सहन होत नाहीये. माझ्याबरोबर सुरुवात केलेल्या मुली ग्रुपवर व्हिडिओ टाकतात, एक तर आता लाटेवर वळायला लागलीय. मला तिचं कौतुक आहे आणि व्हिडिओ बघून रडूही येतं, दोन्ही एकदम. आई म्हणते थोडक्यात निभावलं, आता तो नाद सोड. मित्र म्हणतात अगं सहा महिन्यांनी परत जा, त्यात काय. पण मला भीती वाटते की शरीर सगळं विसरून जाईल आणि परत फेसात गडगडण्यापासून सुरुवात. आणि इतकी सुट्टी परत कोण देणार?

सीझन एप्रिलमध्ये संपतो. मार्चअखेरचं तिकीट काढून ठेवलं तर निदान डोळ्यासमोर काहीतरी राहील असं वाटतं. काढू का? आणि तोवर डोकं ठिकाणावर कसं ठेवायचं? कुणी अशातून गेलं असेल तर सांगा.

फिजिओ_औंध

अगं आधी तुझ्या रिपोर्टमधली चांगली गोष्ट सांगते, कारण ती तुला कुणी नीट सांगितलेली दिसत नाही. गुडघ्यातल्या लिगामेंटमध्ये एमसीएल हे सगळ्यात चांगलं भरून येणाऱ्यांपैकी आहे. त्याला रक्तपुरवठा चांगला असतो, ते सांध्याच्या बाहेरच्या बाजूला असतं, म्हणून नुसतं एमसीएल असेल तर बहुतेक वेळा ऑपरेशन लागत नाही. एसीएलचं तसं नसतं, त्यामुळे एसीएल आणि मेनिस्कस शाबूत आहेत हे तू एका वाक्यात उडवून लावलंस पण माझ्यासाठी तुझ्या अख्ख्या पोस्टमधलं ते सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. (तुझा गुडघा मी बघितलेला नाही, त्यामुळे तुझा फिजिओ सांगेल तेच फायनल, हे धरूनच वाच.)

आता तिकिटाचं. माझं स्पष्ट मत, आत्ता काढू नकोस. ग्रेड २ ला साधारण चार ते सहा आठवड्यांत रोजचं चालणं-फिरणं बऱ्यापैकी सुरळीत होतं, कुणाला जास्तही लागतात, पण चालणं वेगळं आणि हलत्या बोर्डवर उठणं वेगळं. पॉप-अपमध्ये तू झोपलेल्या अवस्थेतून एका झटक्यात खोल वाकलेल्या गुडघ्यांवर येतेस, आणि डावा पाय पुढे ठेवणाऱ्यांचा उजवा, म्हणजे मागचा गुडघा, आत झुकतो. म्हणजे जिकडून दुखावलं त्याच दिशेने ताण. तारीख ठरवलीस की होतं काय, गुडघा तयार नसला तरी तारीख येते. त्यापेक्षा अटी ठरव. सूज शून्य, पूर्ण वाकणं आणि पूर्ण सरळ होणं दुसऱ्या पायाइतकं, एका पायावर हळू बसून उठताना गुडघा आत न पडणं, एका पायावर उडी मारून स्थिर उतरता येणं, दोन्ही मांड्यांची ताकद जवळपास सारखी. हे सगळं जमलं आणि तुझा फिजिओ हो म्हणाला की त्या दिवशी तिकीट काढ. पेशंटना मी नेहमी हेच सांगते, आणि माझा अनुभव असा की अटी असल्या की माणसं जास्त टिकतात कारण दर आठवड्याला एखादी तरी अट थोडी पुढे सरकते आणि ते डोळ्यांनी दिसतं.

घरी एक करून बघ, तुला दिलं असेलच. पाय लांब करून बस, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, आणि गुडघ्याने टॉवेल खाली दाब. वाटीच्या वर, आतल्या बाजूला जो स्नायू फुगतो त्यावर बोट ठेव. दुखापतीनंतर तो झोपी जातो, पहिल्या दिवशी बोटाखाली नुसती थरथर लागते. काही दिवसांनी तो घट्ट गोळा लागायला लागतो. ते बोटाला कळतं तेव्हा पेशंटचा चेहरा बदललेला मी इतक्या वेळा बघितलाय ना.

आणि विसरण्याबद्दल. दम जातो, ताकद जाते, ते परत कमवावं लागतं. पण शिकलेली हालचाल अशी पुसली जात नाही. एकदा सायकल आली की आली, तसंच. मनातल्या मनात हालचाल करून बघण्याचाही उपयोग होतो, खेळाडूंच्या रिहॅबमध्ये आम्ही ते मुद्दाम वापरतो. डोळे मिटून ती लाट पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्याच वेगाने, हात कुठे टेकले, नजर कुठे होती, सगळं. रोज पाच मिनिटं पुष्कळ झाली.

सदाशिवपेठी_रनर

ओवेन राइट वाचलंयस का? ऑस्ट्रेलियाचा सर्फर. डिसेंबर २०१५ मध्ये हवाईच्या पाइपलाइनला डोक्यावर लाट बसून मेंदूला मार लागला, चालण्यापासून सगळं परत शिकावं लागलं. मार्च २०१७ मध्ये गोल्ड कोस्टला परतीची स्पर्धा जिंकला आणि टोकियो ऑलिंपिकला ब्राँझ. सर्फिंग ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा होतं ते. तुझा तर फक्त गुडघा आहे, होशील ग बरी!

कातळवेडा

वरच्या भावाला काही म्हणायचं नाहीये, चांगल्या मनानेच लिहिलंय, पण मी पडलो होतो तेव्हा अशा गोष्टींनी मला जास्त एकटं वाटायचं. "तुझा तर फक्त घोटा आहे" हे मी इतक्यांकडून ऐकलं की शेवटी दुखतंय म्हणायचीच लाज वाटायला लागली. ओवेन राइटच्या गोष्टीत मला स्वतःला ब्राँझपेक्षा मधलं वर्ष जास्त महत्त्वाचं वाटतं. जगातला इतका मोठा सर्फर, आणि त्याला बोर्डवर साधं उभं राहायला परत शिकावं लागलं. जिंकण्याच्या आधी ते सगळं होतं, आणि ते कुणी स्टेटसला टाकत नाही.

माझं सांगतो. उत्तरकाशीला बेसिक माउंटेनियरिंग कोर्सला नाव लागलं होतं, कितीतरी वाट बघून, आणि जायच्या थोडं आधी सह्याद्रीतच एका साध्या उतारावर घोटा मोडला. प्लेट बसवली. माझे दोन मित्र त्याच बॅचला गेले. स्टेशनवर सोडायला पण नाही गेलो मी. त्या काळात मी रोज कॅलेंडर बघायचो, आज तिकडे काय चालू असेल, आज ग्लेशियरवर असतील, आणि त्याने अक्षरशः पोखरून काढलं. तू म्हणतेस ना कौतुक आणि रडू एकदम, ते मला शंभर टक्के माहितीये. ग्रुप म्यूट कर. सोडू नकोस, म्यूट कर, आणि त्या वळणाऱ्या मुलीला सरळ सांग की मला आत्ता व्हिडिओ बघवत नाहीत, काही दिवसांनी मीच मागीन. मी एकाला हे सांगितलं तर तो परत आल्यावर एकही फोटो न दाखवता आधी चार तास माझ्याशी नुसता बोलत बसला, काय शिकवलं, कशी गाठ मारायची, कुठे त्याची फाटली होती. त्यातून मी खूप शिकलो.

मला धीर कशाने आला म्हणशील तर कामाने. नुसतं "पॉझिटिव्ह राहा"ने काही झालं नाही. पाय टेकायचा नव्हता पण हात मोकळे होते. खुर्चीच्या पाठीला दोर बांधून गाठी मारत बसायचो, बघितल्याशिवाय यायला लागेपर्यंत. नंतर कुबड्या सुटल्यावर क्लाइंबिंग वॉलवर जाऊन दुसऱ्यांना बिले द्यायला लागलो, म्हणजे चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळायला. खाली उभं राहून दुसऱ्याचे पाय बघताना जे कळलं ते स्वतः चढताना कधी कळलं नव्हतं. पुढच्या वर्षी कोर्सला गेलो तेव्हा पायाने मी बॅचमध्ये मागे होतो, पण दोराच्या कामात कुणाला विचारावं लागलं नाही. म्हणून तुला विचारतो, सर्फिंगमधलं असं काय आहे जे गुडघ्याशिवाय शिकता येतं? असणार नक्की. मला समुद्रातलं काही कळत नाही, इथं कुणीतरी सांगेल.

आणि वाईट वाटून घे ग. तुझी कितीतरी वर्षांची इच्छा होती ती. आठवडाभर उदास राहिलीस तर त्यात काही बिघडत नाही.

समुद्रवेडी_कोथरूड

@कातळवेडा दादा, तुमचं वाचून रडले, पण हलकं वाटलं. ग्रुप म्यूट केलाय आणि त्या मैत्रिणीला मेसेज टाकला, तिने लगेच फोनच केला. @फिजिओ_औंध ताई, टॉवेलचा व्यायाम करतेय, बोट ठेवून कधी बघितलं नव्हतं. आत्ता बघितलं, लागतंय थोडं. तिकिटाचं अजून मनाला पटत नाहीये पण विचार करतेय.

मीठपाणी

कातळवेड्याच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. मूळचा पुण्याचाच, सध्या कामामुळे मंगळुरूला, सुट्टीच्या दिवशी मुल्कीला पाण्यात असतो.

सर्फिंगमध्ये उभं राहणं हा सगळ्यात छोटा भाग आहे. हे मी तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये. सर्फर पाण्यात वेळ कशात घालवतात याचे अभ्यास झालेत, त्यात साधारण निम्मा वेळ पॅडलिंगमध्ये जातो, बाकीचा बहुतेक लाटेची वाट बघण्यात, आणि लाटेवर उभं राहणं जेमतेम चार-पाच टक्के. म्हणजे तुझ्या गुडघ्याने अडवलंय ते या चार-पाच टक्क्यांना. पॅडलिंग खांदे आणि पाठीचं काम आहे, आणि वाट बघणं हे डोळ्यांचं. नवशिक्यांच्या बहुतेक लाटा सुटतात त्या उठता येत नाही म्हणून नाही, तर लाटेपर्यंत वेळेत पोचत नाहीत म्हणून, एक तर खांदे थकलेले असतात किंवा चुकीच्या जागी थांबलेले असतात. तू स्वतः पॅडल मारून हिरवी लाट पकडलीस म्हणजे वेळ साधणं तुला कळलंय, आणि शिकवायला सगळ्यात अवघड तेच आहे.

तर पोहायला परवानगी मिळाली की पुल-बॉय (पाय तरंगत ठेवणारा फोमचा तुकडा) मांड्यांत धरून फक्त हातांनी फ्रीस्टाइल मार. ब्रेस्टस्ट्रोक अजिबात नको, त्याच्या लाथेने गुडघ्याच्या आतल्याच बाजूला ताण येतो, फिजिओताई सांगतीलच. मान थोडी वर ठेवून पोहायचा पण सराव कर, बोर्डवर छाती उचलून पॅडल मारताना मानच आधी दुखते.

दुसरं, फोरकास्ट वाचायला शीक. हे कोथरूडमध्ये बसून जमतं. रोज सकाळी वेलिगामाचा अंदाज उघड, लाटेची उंची, दोन लाटांमधले सेकंद, वाऱ्याची दिशा, भरती-ओहोटी. मग तिथल्या बीचचा कुणाचा तरी व्हिडिओ बघ आणि आकड्यांशी जुळव. सहा-सात सेकंदांची लाट म्हणजे जवळच्या वाऱ्याने उठलेली, विस्कटलेली. बारा-चौदा सेकंदांची म्हणजे लांब दक्षिणेच्या समुद्रातून आलेली, तेवढ्याच उंचीची असली तरी जोर कितीतरी जास्त. वारा जमिनीकडून समुद्राकडे असेल तर लाट ताठ आणि स्वच्छ उभी राहते, उलटा असेल तर चुरगळते. महिनाभर हे केलंस की परत पाण्यात उतरशील तेव्हा तुझ्या बॅचमधल्या कित्येकांना दिसत नाही ते तुला दिसेल.

तिसरं, सीझन एप्रिलमध्ये संपतो हे अर्धंच खरं आहे. संपतो तो दक्षिण किनाऱ्याचा. नोव्हेंबर ते एप्रिल ईशान्येचा वारा असतो म्हणून वेलिगामाला पाणी स्वच्छ. मे पासून नैऋत्य मोसमी वारा सुरू झाला की तिकडे खवळतं, पण तोच वारा पूर्व किनाऱ्यावर जमिनीकडून समुद्राकडे जातो आणि तिथं सीझन चालू होतो, अरुगम बे, साधारण सप्टेंबरपर्यंत. तिथला मुख्य पॉइंट तुला आत्ता नको, खाली खडक आहेत आणि गर्दी कसलेल्यांची, पण जवळच व्हिस्की पॉइंटला वाळू आहे आणि शिकणारे बरेच असतात. म्हणजे मार्च हुकला तर जुलै-ऑगस्ट आहे, तेही हुकलं तर परत नोव्हेंबरला वेलिगामा.

आणि लांब सुट्टी मिळत नसेल तर मुल्की आहेच की. कोकण रेल्वेवर स्टेशन आहे, सर्फ शिकवणारे आहेत, आणि शांभवी नदी समुद्राला मिळते तिथं आत नदीचं पाणी संथ असतं. गुडघा अर्धा बरा असताना नुसतं झोपून पॅडल मारायला, बोर्डची सवय परत करायला त्याच्यासारखी जागा नाही. पावसाळ्याचे महिने सोडून कधीही.

परत उतरशील तेव्हा मोठा फोमचा बोर्ड, कमरेएवढं पाणी, आणि उथळात पाय खाली टाकून उतरायचं नाही. बसकण मारून किंवा पाठीवर आडवं पडायचं, पाय शेवटी. तुझ्या गुडघ्याला हे पहिल्या दिवसापासून माहीत असायला हवं.

टिळकतलाव_पहाटे

मुली, मी ६३ वर्षांची आहे, पोहायला येते रोज. सगळ्यांनी छान सांगितलंय, मी आईबद्दल सांगते, कारण त्याबद्दल कुणी बोललं नाही. माझा मुलगा सायकलवरून पडला होता तेव्हा मीही हेच म्हणाले होते, नाद सोड. मला तो परदेशात एकटा दवाखान्यात बसलेला दिसत होता डोळ्यासमोर, बाकी काही दिसतच नव्हतं. तुझ्या आईने तू लाटेवर उभी राहिलेली बघितलेली नाही, तिने फक्त विमानतळावर ब्रेस लावून येणारी मुलगी बघितलीय. तुझ्याकडे व्हिडिओ असेल ना त्या लाटेचा? तिला दाखव. आणि व्यायामाच्या वेळी तिला शेजारी बसव, अंश मोजायला सांग. आयांना हाताला काम दिलं की आमची भीती निम्मी होते.

पुढच्या वेळी विम्याचं बघून घे. बऱ्याच ट्रॅव्हल पॉलिसीत साहसी खेळ धरत नाहीत, वेगळं घ्यावं लागतं. पॉलिसी नीट वाचूनच घे.

समुद्रवेडी_कोथरूड

काकू, व्हिडिओ आहे, मैत्रिणीने काढलेला, किनाऱ्यावरून, मी अगदी एवढीशी दिसते. आईला काल दाखवला. तिने तीनदा बघितला आणि विचारलं की हे पडत कसं नाही माणूस. मग अर्धा तास मी तिला तेच समजावत होते. नाद सोड असं परत म्हणाली नाहीये अजून, हो पण म्हणाली नाहीये. अंश मात्र तीच मोजते आता, माझ्या शाळेतला कोनमापक शोधून काढलाय.

@मीठपाणी, पूर्व किनाऱ्याचं खरंच माहीत नव्हतं. मी तर एप्रिल म्हणजे सगळं संपलं असंच धरून चालले होते. तिकीट काढत नाहीये. अटींचा कागद करून कपाटाच्या दारावर लावलाय आणि फोरकास्ट कालपासून बघतेय. आज वेलिगामाला अकरा सेकंद आणि सकाळी वारा किनाऱ्यावरून, म्हणजे चांगलं असणार ना? मैत्रिणीला विचारलंय, व्हिडिओ पाठव म्हणून. मीच मागितला या वेळी.

फिजिओताई, एकच विचारायचंय. तलावात उतरायला कधी विचारू, आणि तो पुल-बॉय दोन मांड्यांत दाबून धरायचा तर एमसीएलवर ताण नाही का येणार?

फिजिओ_औंध

अकरा सेकंदांचं मीठपाणी सांगेल, माझं तलावाचं घे. ब्रेसशिवाय सपाट जमिनीवर न लंगडता चालता आलं आणि सूज नसली की विचार तुझ्या फिजिओला, बहुतेक हो म्हणेल. पुल-बॉय वर, मांड्यांच्या अगदी वरच्या भागात धर, घोट्यांमध्ये किंवा पोटऱ्यांमध्ये नको, तिथं धरलास की सगळा ताण गुडघ्यावर जातो. दाबायचा नाही, नुसता अडकवून ठेवायचा. भिंतीला पाय मारून वळायचं पण नाही सध्या, हाताने भिंत धरून वळ आणि डाव्या पायाने हलकं ढकल. तलावाच्या पायऱ्या ओल्या असतात, उतरताना कठडा धर आणि आधी उजवा पाय खाली, चढताना आधी डावा. पहिल्या दिवशी दहा मिनिटं बास. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा बघ, सुजला नसेल तर वाढव.